दुष्काळी कामावरची घंटा

मित्रांनो, मी रेल्वेच्या जुन्या रुळाचा हातभर लांबीचा एक तुकडा आहे. लोक मला घंटा म्हणतात. खरे तर माझ्यात घंटेसारखे काहीच नाही. ना गोल अंग, ना आत लोलक. बाभळीच्या फांदीला तारेने टांगलेले आणि गंजाने तांबूस झालेले मी एक जड लोखंड. पण पहारीच्या तुकड्याने माझ्यावर ठोका घातला की माझा आवाज समोरच्या टेकडीवर आपटून परत येतो. बहात्तर सालच्या दुष्काळात त्या आवाजावर शेकडो माणसे कामाला लागत, जेवायला बसत आणि जीव मुठीत धरून पळत. त्यांतल्या एका माणसाची हकीकत मला तुम्हांला सांगायची आहे. त्याला माझा आवाज कधीच ऐकू आला नाही.

तसा माझा जन्म भट्टीतला. लाल तापलेल्या लोखंडाला लांब ओढून मला घडवले आणि नगर जिल्ह्यातल्या बेलापूरकडच्या लोहमार्गावर अंथरले. माझ्या अंगावरून कितीतरी आगगाड्या धडधडत गेल्या. उसाच्या, कोळशाच्या, माणसांच्या. वजनाची मला सवय होती. भीती म्हणजे काय, हे मात्र मला ठाऊक नव्हते. पुढे मी झिजलो. नवे रूळ आले, मला उपटून काढले, कापले आणि भंगारात टाकले. पावसात भिजत, उन्हात तापत मी तिथे पडून होतो. कुणी ढुंकूनही पाहत नव्हते.

मग एके दिवशी सरकारी मालमोटार आली. फावडी, पहारी, घमेली यांच्यासोबत तिने मलाही उचलले आणि थेट जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडच्या एका उजाड माळावर आणून टाकले. तिथे पाझर तलावाचे काम निघाले होते.

मित्रांनो, तो माळ तुम्ही पाहायला हवा होता! लागोपाठ पाऊस दगा देत होता. विहिरींचे तळ दिसू लागले होते. जनावरांच्या बरगड्या दुरून मोजता याव्यात, अशी अवस्था. ज्याच्या हाताला काम नाही त्याला सरकार काम देईल, अशी दवंडी गावोगावी फिरली आणि माणसांची रीघ लागली. चांगली शेतीवाडी असलेले शेतकरी आले. त्यांच्या बायका आल्या. त्या कधी दुसऱ्याच्या बांधावर राबल्या नव्हत्या, म्हणून पहिले काही दिवस पदराने तोंड झाकून दगड उचलत. शिंपी आला, सुतार आला. काही जण बांधावर माती टाकत. काही जण शेजारच्या टेकडीतल्या खाणीत दगड फोडत. त्या खाणीत रोज दुपारी सुरुंग लागत.

काम मिळाले म्हणून माणसे निर्धास्त झाली असतील, असे तुम्हांला वाटेल. पण मी पाहिले ते उलटेच. काम नव्हते तेव्हा त्यांना भुकेची भीती होती. आता काम जाण्याची भीती तिच्यावर येऊन बसली. आज काम बंद होणार, उद्या अर्धी माणसे कमी करणार, अशा वावड्या रोज उठत. दूर रस्त्यावर जीपचा धुरळा दिसला की खालच्या सगळ्या माना वर होत आणि लगेच खाली जात.

मला वाजवायचे काम थॉमस मास्तरांकडे होते. थॉमस हा पंचविशीतला ख्रिस्ती तरुण. शिक्षकाचे शिक्षण पुरे केलेला, पण शाळा न मिळालेला. नगरच्या नोकरीच्या कचेरीत नाव नोंदवून तो कैक वर्षे वाट पाहत बसला होता. शेवटी त्याला या कामावर तात्पुरते घेतले. मला वाजवायचे, लाल निशाण दाखवायचे आणि सुरुंगापूर्वी खाण रिकामी झाली की नाही हे पाहायचे, हे त्याचे काम. एकही तक्रार आली तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस, असे त्याला पहिल्याच दिवशी बजावले होते. लोक त्याला मास्तर म्हणत. ते ऐकले की तो कसनुसा हसे.

सुरुंगाची रीत ठरलेली होती. सगळे सुरुंग ठासून झाले की थॉमस मला घाईघाईने ठोकी. माणसे हातातले टाकून टेकडीमागे पळत. मग तो निशाण हलवी. ते पाहून सुरुंगवाला गोरक्ष वाती पेटवी आणि स्वतःही पळे. थोड्या वेळाने जमीन हादरे. दगड आभाळात उडत आणि सडासड खाली येत. त्या क्षणापर्यंत सगळा माळ श्वास रोखून बसलेला असे. मीही. भीती म्हणजे काय ते मला तिथे कळले.

आता पुंजारामाविषयी सांगतो.

पुंजाराम चाळिशीचा, रुंद हाडापेराचा, अबोल माणूस. खर्ड्याच्या बाजारात पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्या एका दुकानात तो लहानपणापासून कामाला होता. लग्नात मुलीला द्यायच्या, फुलांची नक्षी काढलेल्या ट्रंका. दिवसभर पत्र्यावर हातोडा. दुष्काळात लग्ने ठरेनात, मग ट्रंका कोण घेणार? दुकानाला कुलूप लागले आणि काम शोधत शोधत पुंजाराम बायकोसह या माळावर आला. बायकोचे नाव राहीबाई. ती त्याच्यापासून हातभरही लांब जात नसे. तो दगड फोडी, ती घमेल्यात भरी. माझा ठोका पडला की ती त्याच्या कोपराला हात लावी आणि मग तो उठे. बायका तिला हसत.

"काय गं राहीबाई, नवरा काय पळून चाललाय व्हय?" छबूबाई म्हणे.

छबूबाई ही साठीची शेतकरीण. घरी विहीर, बैल, सगळे असलेली, पण आता डोक्यावर माती वाहणारी. तिच्या जिभेला सारे टरकत. राहीबाई नुसतीच खाली मान घाली.

एकदा जेवणाच्या सुट्टीत पुंजाराम माझ्याच बाभळीखाली पाठ टेकून बसला होता. सुट्टी संपली. थॉमसने मला ठोका दिला. आसपासची माणसे दचकली, कडेवरची पोरे रडू लागली. पुंजारामाच्या डोक्यावर, अगदी वीतभर अंतरावर मी थरथरत होतो आणि त्याची पापणीसुद्धा लवली नाही. तो शांतपणे भाकरीचा तुकडा चावत होता. राहीबाईने घमेले उचललेले दिसले, तेव्हा कुठे तो उठला.

थॉमसचा हात वरच्या वर थांबला. त्याने राहीबाईला बाजूला बोलावले.

"बाई, यांना ऐकू येत नाही?"

राहीबाईने हात जोडले. "मास्तर, तुमच्या पाया पडते. हे कुनाला बोलू नगा. पत्रा ठोकून ठोकून कान गेलं त्येन्चं. आदीच्या कामावर मुकादमानं हाक मारली, ह्यांनी ओ दिली न्हाई. माजलाय म्हनून हाकलून दिलं. मी हाय ना संगं. मी असते की रोज."

"पण इथे सुरुंग असतात, बाई."

"म्हनूनच तर मी हलत न्हाई."

थॉमसने इकडेतिकडे पाहिले. कुणी ऐकले नव्हते. बहिऱ्या माणसाला खाणीवर ठेवणे चुकीचे आहे, हे त्याला कळत होते. सांगितले तर दोन माणसांचे काम जाणार, आणि आजवर लक्षात कसे आले नाही म्हणून कदाचित आपलेही. त्याने ते मुकादमाला सांगितले नाही. त्या दिवसापासून घंटा देताना त्याची नजर आधी राहीबाईला शोधी. ती नवऱ्याच्या कोपराला धरून निघालेली दिसली की त्याचा श्वास मोकळा होई.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी पुंजाराम एकटाच आला.

राहीबाईला हिवताप भरला होता. तिने त्याला जाऊ नका म्हणून खाणाखुणांनी किती विनवले असेल, कोण जाणे. पण दोघेही गैरहजर राहिले तर जागा जाईल, या धास्तीने तो निघालाच. छबूबाईबरोबर तिने निरोप धाडला होता: "त्येन्च्याकडं जरा ध्यान असू द्या." ध्यान का ठेवायचे, ते तिने सांगितले नव्हते.

थॉमसने त्याला एकटे पाहिले. याला आज बांधावर पाठवा, असे मुकादमाला सांगावे, हे त्याच्या ओठांवर आले होते. मी जवळून पाहिले. पण मुकादमाने कारण विचारले असते. शिवाय दुपारी ओव्हरसियर आप्पासाहेब कामाची पाहणी करायला यायचे होते. खाणीत माणसे कमी पडत होती. मुकादमाने बोट दाखवले तिकडे पुंजाराम पहार घेऊन निघून गेला. छबूबाई नेहमीसारखी बांधावर गेली. थॉमसने त्याला अडवले नाही.

दुपार झाली. सुरुंग ठासले गेले. थॉमसने मला नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजवले. खाणीतून माणसे भराभर वर येऊ लागली. धुळीत पाठमोरी डोकी दिसत होती. त्यांत पुंजारामासारखे एक मळकट पांढरे मुंडासे दिसले. पुंजाराम आला, असे त्याने धरले. आपली समजूत तपासून पाहायला तो खाली गेला नाही. त्याने निशाण हलवले.

गोरक्षने खाली मान घालून वाती पेटवल्या आणि मागे न पाहता तो धावत वर आला.

तेवढ्यात बांधाकडून छबूबाईचा आवाज आला. "आरं, त्यो पुंजा कुठंय? राहीबाईचा मालक कुठंय?"

ते मुंडासे दुसऱ्याच कुणाचे तरी होते.

खाणीच्या कोपऱ्यात एक मोठी शिळा आडवी पडली होती. तिच्या अलीकडे, आमच्याकडे पाठ करून, पुंजाराम पहारीने दगड उकरत होता. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर वातींचा धूर सरपटत चालला होता.

मित्रांनो, थॉमसने मला त्या वेळी जसे बडवले तसे कुणीच कधी बडवले नव्हते. मी जीव तोडून ओरडलो. माझा आवाज टेकडीवर आपटला, पलीकडच्या वस्तीवर गेला, कुत्री भुंकू लागली. साऱ्या माळाने मला ऐकले. त्याने ऐकले नाही. त्याची पहार तशीच चालू होती, सावकाश, मन लावून.

"पुंजा! ए पुंजाराम! पळ रं!" माणसे ओरडू लागली.

"ऐकू येत नाही त्याला!" थॉमस किंचाळला. "त्याला ऐकू येत नाही!" हातातले लोखंड टाकून तो खाणीच्या उतारावर धावला. गोरक्षने त्याला मागून कंबरेला मिठी मारून धरले. "मास्तर, येडे झालात काय? दोघंबी जाल!"

छबूबाई खाणीच्या काठावर आली होती. तिने खालचा दगड उचलला आणि पुंजारामाच्या दिशेने भिरकावला. तो अलीकडेच पडला. मग दुसरीने उचलला. मग सगळ्यांनीच. ढेकळे, दगड, खडी, हाताला लागेल ते माणसे फेकू लागली. एक दगड त्याच्या पाठीत बसला.

पुंजाराम वळला.

त्याने काय पाहिले, ते मला फार दिवसांनी उमगले. वर काठावर सारा गाव उभा होता. सगळ्यांची तोंडे उघडी होती, चेहरे वेडेवाकडे झाले होते, आणि सगळे जण त्याला दगड मारत होते. धुराकडे त्याचे लक्षच गेले नाही. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. तो आमच्याकडे पळाला नाही. उलट मागे सरला आणि मार चुकवायला त्या मोठ्या शिळेआड जाऊन दडला.

काठावरच्या माणसांनी मागे सरून जमिनीवर अंग टाकले, आणि सुरुंग उडाले.

जमीन हलली. मी तारेवर गरगर फिरलो. दगडांचा पाऊस पडला आणि धुळीने खाण भरून गेली. थॉमस गुडघ्यांवर बसला होता. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली.

धूळ हळूहळू बसली. शिळेमागून कुणीतरी उठले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक. तो पुंजाराम होता हे आधी ओळखूच आले नाही. तो उतार चढून वर आला. काठावर पोहोचल्यावर त्याने हात जोडले.

"मारू नगा," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने तो फार मोठ्याने बोलत होता. "मारू नगा. जातो मी. मी आपला घरी जातो."

छबूबाईच्या हातात अजून एक दगड होता. तो तिने टाकला. तिने पुढे होऊन पदराने त्याचे तोंड पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता ती हमसून रडत होती. "आरं बाबा, तुला मारत नव्हतो रं आमी. तुला मारत नव्हतो." तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला आणि मान हलवत राहिला. त्याला काही समजले नव्हते.

खरी भीती तर अजून पुढेच होती. थोड्याच वेळात जीप आली.

आप्पासाहेब उतरले. मुकादमाने सगळे सांगितले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, पण घाबरले होते. अपघाताची बातमी वर गेली असती तर त्यांनाही जाब द्यावा लागला असता. त्यांनी पुंजारामाला माझ्या बाभळीखाली बोलावले. माणसे भोवती गोळा झाली.

"काय रे, तुला ऐकू येतं का?"

पुंजारामाने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. साहेब काही विचारतो आहे एवढे त्याला कळले. साहेबाला काय उत्तर द्यायचे, ते त्याने स्वतःच्या मनाशी कधीच ठरवून ठेवले होते. "व्हय, साहेब," तो म्हणाला.

"घंटा ऐकली होतीस?"

"व्हय, साहेब."

"मग पळाला का नाहीस? मरायचं होतं का?"

"व्हय, साहेब."

कुणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. साहेबांनी मान फिरवली. "याला कामावरून कमी करावं लागेल," ते हळू म्हणाले. मग पुन्हा त्याच्याकडे वळून विचारले, "उद्यापासून घरी बसशील?"

"व्हय, साहेब," पुंजाराम म्हणाला. काम टिकवायच्या धडपडीत त्याने होकारच शिकून ठेवला होता. त्याच होकाराने तो स्वतःचे काम घालवून बसला होता, आणि हे त्याला माहीतही नव्हते.

तेव्हा थॉमस पुढे आला. "साहेब, त्यांना ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. मी लपवलं. खाण रिकामी झाली का, ते पाहायचं काम माझं होतं. मी पाहिलं नाही. काढायचंच तर मला काढा."

"मास्तरला काडून काय व्हनार?" छबूबाई मध्येच बोलली. "आन् ह्यालाबी काडून काय व्हनार? कान गेलं म्हनून पोट जातंय का? साहेब, तुमी म्हनलात, हात हायेत त्येला काम. त्याचं हात बघा."

आप्पासाहेबांनी खरोखरच त्याच्या हातांकडे पाहिले. मग जीपकडे पाहिले, थॉमसकडे पाहिले. "उद्यापासून हा माणूस मला खाणीत दिसता कामा नये," असे तोडून टाकल्यासारखे म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

धुरळा लांब गेल्यावर माणसे एकमेकांकडे पाहू लागली. साहेब काय बोलले? काढले की ठेवले? कुणी म्हणाले काढले. कुणी म्हणाले गप्प बसा, उद्या बघू. थॉमसने ते शब्द मनात पुन्हापुन्हा फिरवले असतील. शेवटी तो हलक्या आवाजात म्हणाला, "ते खाणीत म्हणाले. कामावर म्हणाले नाहीत."

एवढ्याशा शब्दाच्या आधाराने पुंजाराम दुसऱ्या दिवशी बांधाच्या अगदी टोकाला उभा राहिला. तिथवर दगड उडून येत नसत. राहीबाई तापातच आली होती. थॉमस तिला म्हणाला, "बाई, चूक माझी होती." तिने त्याला क्षमा केली की नाही, मला सांगता येणार नाही. तिने घमेले उचलले आणि नवऱ्यामागे चालू लागली. त्यानंतर जीप आली की पुंजाराम मातीच्या ढिगाआड वाकून बसे. साहेबांनी त्याला कधी पाहिले नसेल, असे मला वाटत नाही. पण त्यांनी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. काम संपेपर्यंत त्याचा एकेक दिवस असा भीत भीतच गेला.

थॉमस मास्तरांत मात्र बदल झाला. मला वाजवून झाले की ते निशाण घेऊन आधी स्वतः खाणीत उतरत. प्रत्येक कोपरा, प्रत्येक शिळेमागची जागा पाहून येत. गोरक्ष वैतागे. "मास्तर, घंटा ऐकून समदी गेली की. कशाला खाली-वर करताय?" पाहून झाल्यावरच निशाण हलत असे.

पुढे पाऊस झाला, काम बंद झाले, माणसे पांगली. तलावात आता पाणी असते. मास्तरांना शाळा मिळाली का, पुंजारामाच्या दुकानाचे कुलूप निघाले का, ते मला कळले नाही. मला न्यायला कुणी आले नाही. तार बाभळीच्या सालीत रुतली आहे. गुरे राखणारी मुले कधीमधी गंमत म्हणून मला खडे मारतात, आणि मी वाजतो.

मित्रांनो, मला गंज चढला तर चढू द्या, त्याचे मला काही नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या हाती उद्या घंटा आली, चारचौघांना सावध करायचे काम आले, तर एवढे करा. घंटा वाजवली म्हणजे सगळ्यांना सांगून झाले, असे समजू नका. थोडे थांबा, खाली उतरा. कुणी पाठ करून बसले आहे का, ते पाहा. दिसले तर जवळ जा आणि हळूच त्याच्या कोपराला हात लावा. त्याला दगड मारून उठवायची वेळ येऊ देऊ नका.